जुन्या सायकलीचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द सहसा देवळांच्या, वाड्यांच्या किंवा घाटांच्या संदर्भात वापरला जातो. परंतु माळ्यावर अथवा गोठ्याच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षे धूळ खात पडलेल्या सायकलीलाही तो तितकाच शोभतो. मूळची वस्तू शक्य तितकी मूळच्या रूपात राखून तिला पुन्हा उपयोगी करणे, असा त्याचा अर्थ आहे. हा अर्थ ध्यानात न घेतल्यामुळे पुष्कळ चांगल्या सायकली बिघडलेल्या आहेत. हौशी माणूस मोठ्या उत्साहाने सगळा रंग खरवडून काढतो, त्यावर झगझगीत नवा रंग चढवतो आणि मग त्याच्या लक्षात येते, की सायकलीची ओळख सांगणाऱ्या सोनेरी रेघा व कारखान्याचे चिन्ह जुन्या रंगाबरोबरच केरात गेले. रंग बाजारात पुन्हा मिळतो. त्या रेघा मिळत नाहीत.

आज सर्वत्र दिसणाऱ्या घडणीची, म्हणजे दोन सारखी चाके व मागच्या चाकाला साखळी असलेली सायकल जॉन केंप स्टार्ली याने १८८५ साली इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे ‘रोव्हर’ या नावाने बनवली. पुढे १८८८ साली जॉन बॉइड डनलॉप याने बेलफास्ट येथे हवा भरलेला टायर तयार केला. त्यानंतर साध्या सायकलीची मूळ घडण फारशी बदललेली नाही, हे नवशिक्याचे भाग्यच म्हटले पाहिजे. सत्तर वर्षांपूर्वीच्या सायकलीची रचना गावातल्या कोणत्याही सायकल दुरुस्त करणाऱ्याला आजही समजते. स्वातंत्र्यापूर्वी आपल्या देशात नॉटिंगहॅमच्या रॅले, बर्मिंगहॅमच्या बीएसए अशा इंग्रजी सायकली मोठ्या संख्येने येत. नंतर १९५१ साली सोनिपत येथे अॅटलस, १९५६ साली लुधियाना येथे हीरो, असे देशी कारखाने उभे राहिले आणि सायकल सामान्य माणसाच्या दारात आली. पुणे तर सायकलींचे शहर म्हणूनच ओळखले जात असे. त्या काळातील काळ्या, उंच, भरभक्कम सायकली अजूनही जुन्या घरांतून सापडतात.

पहिल्याच कामासाठी अतिशय दुर्मीळ सायकल निवडणे शहाणपणाचे नाही. जिचे सर्व भाग जागच्या जागी आहेत, मग ते गंजलेले का असेनात, अशी साधी सायकल उत्तम. दोन-चार भाग हरवलेले असले, म्हणजे ते शोधण्यातच वर्ष निघून जाते. अठ्ठावीस इंची चाकांचे टायर आपल्याकडे अजून बनतात, ही मोठीच सोय आहे.

सायकल कोणत्या कारखान्याची, हे ओळखण्याच्या खुणा मजेदार असतात. जुन्या रॅलेच्या चेनव्हीलमध्ये बगळ्याच्या जातीच्या पक्ष्याची मस्तके कोरलेली आढळतात. बीएसएचा कारखाना मूळचा शस्त्रास्त्रे बनवणारा. म्हणून त्याच्या चिन्हात एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका असतात. मागच्या चाकात स्टर्मी-आर्चर कंपनीचा तीन वेगांचा हब असेल, तर त्याच्या कवचावर पुष्कळदा बनावटीचे वर्षच कोरलेले असते. ‘५१’ असा आकडा दिसला, म्हणजे तो हब १९५१ सालचा. अर्थात हब मागाहून बदललेला असू शकतो, म्हणून एवढ्याच पुराव्यावर सायकलीचे वय ठरवू नये.

आता सायकल उकलण्याचे काम. पाना हाती घेण्यापूर्वी प्रत्येक सांध्याचे छायाचित्र काढावे किंवा निदान आकृती काढून ठेवावी. कोणता वायसर नटाच्या आत होता व कोणता बाहेर, हे महिन्याभराने कोणालाही आठवत नाही. सुटे झालेले भाग वेगवेगळ्या डब्यांत ठेवून त्यांवर चिठ्ठ्या लावाव्यात.

खरा अडथळा येतो तो गंजाचा. लोखंड, पाणी व हवेतील प्राणवायू यांच्या संयोगाने गंज तयार होतो आणि त्याचे आकारमान ज्या लोखंडापासून तो झाला त्याहून अधिक असते. म्हणूनच नट आणि बोल्ट यांच्या आट्यांमध्ये गंज धरला, की तो पाचरीसारखा घट्ट बसतो. अशा वेळी जोर लावल्यास बोल्ट तुटतो किंवा नटाचे कोपरे झिजून पाना घसरू लागतो. पातळ तेलाचे थेंब आट्यांत सोडून एक-दोन दिवस वाट पाहावी, हलकेच ठोकावे, पुन्हा तेल सोडावे. या कामात धीर हेच अर्धे हत्यार आहे. क्रँकला आसाशी जखडणारी कॉटर पिन तर फारच हट्टी असते. तिच्यावर सरळ हातोडा मारला, तर तिचे टोक चेपून पसरते आणि मग ती मुळीच निघत नाही. नट टोकापर्यंत सैल करून तसाच ठेवावा, क्रँकच्या खाली लोखंडी नळीचा भक्कम आधार द्यावा आणि मगच नेमका घाव घालावा. हे काम मोठ्या माणसाच्या मदतीनेच करणे इष्ट.

डाव्या पायडलापाशी बहुतेक सगळे नवशिके फसतात. इतर नट डावीकडे फिरवले, की सैल होतात. हे पायडल मात्र तसे फिरवल्यास अधिकच आवळले जाते, कारण त्याचे आटे उलटे असतात. असे का? सैल मुठीत पेन्सिल धरून दुसऱ्या हाताने तिचे टोक वर्तुळात फिरवले, तर पेन्सिल मुठीच्या आत उलट दिशेने हळूहळू फिरू लागते. पायडलाच्या आसाचेही तसेच होते. पायाचा भार सतत त्याच्या भोवती सरकत राहतो आणि आस क्रँकच्या भोकात किंचित किंचित फिरू पाहतो. डाव्या बाजूस सरळ आटे ठेवले असते, तर चालता चालता पायडल सुटून पडले असते. उलट्या आट्यांमुळे तेच सूक्ष्म फिरणे त्याला घट्ट करते. पूर्वीच्या कारागिरांनी एवढ्याशा गोष्टीचा किती बारकाईने विचार केला होता, हे सायकल उकलल्यावाचून कळत नाही.

चाकांचे व मधले आस उघडताना खाली कापड अंथरावे. छर्रे घरंगळून गेले, की सापडत नाहीत. सामान्यतः पुढच्या चाकात प्रत्येक बाजूस दहा, मागच्या चाकात नऊ आणि मधल्या आसाला अकरा छर्रे असतात. ते घासलेटमध्ये धुऊन उजेडात पाहावेत. ज्यांवर खळगे पडले असतील, ते ठेवू नयेत. एक छर्रा बदलायचा झाला, तर त्या बाजूचे सगळेच बदलावेत. कारण झिजलेल्या छर्ऱ्यांमध्ये एक नवा घातला, तर सगळा भार त्या एकट्यावर येतो.

रंगाच्या बाबतीत उतावळेपणा करू नये. प्रथम साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या मऊ कापडाने पुसावे. पुष्कळदा काळ्या थराखाली मूळचा रंग चांगला शाबूत असतो आणि मेणाचे पॉलिश दिले, की तो पुन्हा झळकतो. काही ओरखडे राहतात. ते राहू द्यावेत. कोणी शाळामास्तर किंवा पोस्टमन त्या सायकलीवरून वीस वर्षे हिंडला असेल, त्याचीच ती नोंद असते. जेथे रंग घासणे भागच असेल, तेथे काचकागद पाण्यात भिजवून वापरावा. जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो आणि त्याची कोरडी धूळ श्वासावाटे शरीरात जाणे घातक आहे. हँडलवरील चकचकीत मुलाम्याचा गंज काढण्यासाठी अॅल्युमिनियमच्या पातळ कागदाचा बोळा पाण्यात बुडवून घासावा. अॅल्युमिनियम मुलाम्याहून मऊ असल्यामुळे त्यावर ओरखडे उठत नाहीत.

जुन्या इंग्रजी धाटणीच्या सायकलीत पुढच्या चाकाला ३२ व मागच्या चाकाला ४० तारा असतात. स्वाराचे बहुतेक ओझे मागच्या चाकावर पडते, म्हणून तेथे तारा अधिक. चाक वाकडे फिरत असेल, तर त्याचा ‘आउट’ काढावा लागतो. रिम ज्या बाजूस झुकली असेल, तिच्या विरुद्ध बाजूच्या तारा जरा आवळायच्या व झुकलेल्या बाजूच्या जरा सैल करायच्या, आणि तेही एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक नाही. हे कौशल्य वाचून येत नाही. एखाद्या जाणत्या कारागिराच्या दुकानात तासभर उभे राहून त्याची बोटे पाहिली, तर पुष्कळ कळते.

सर्वांत शेवटी ब्रेक. या सायकलींचे ब्रेक सळयांचे असतात. मूठ दाबली, की सळई वर ओढली जाते आणि रबराचे गट्टे रिमच्या आतल्या अंगाला जाऊन भिडतात. रबर जुने होऊन दगडासारखे टणक झालेले असते, म्हणून ते कितीही शाबूत दिसले तरी नवेच घालावे. टायर, ट्यूब आणि ब्रेकचे रबर यांच्या बाबतीत जुनेपणाचा लोभ कामाचा नाही. ओल्या लोखंडी रिमवर हे ब्रेक फार उशिरा लागतात, हेही स्वाराला ठाऊक असले पाहिजे.

जोडणी उकलण्याच्या उलट क्रमाने करावी. आस फार आवळले, तर चाक जड फिरते आणि सैल ठेवले, तर डुगडुगते. दोहोंच्या मधली जागा हातालाच सापडते. पहिली फेरी मोकळ्या मैदानात, सावकाश घ्यावी. वीस-पंचवीस किलोमीटर चालल्यावर कॉटर पिना आपल्या जागी आणखी बसतात व त्यांचे नट सैल पडतात. तेव्हा पाना घेऊन ते पुन्हा एकदा आवळावे लागतात.