मुख्याध्यापक साहेब की सेवक? शिक्षकांना काय दिसतं, गावाने काय बघावं

शाळेत नवीन मुख्याध्यापक आले की गाव रंगरंगोटी आणि स्नेहसंमेलन बघतं. शिक्षक मात्र वेगळंच बघतात. वरून तातडीची माहिती मागितली, तर हे सर वर्गावरच्या शिक्षकाला उठवतात की स्वतः बसून भरून टाकतात?

सेवक नेतृत्व म्हणजे काय?

टेलिफोन कंपनीत अनेक वर्षं नोकरी केलेले अमेरिकेचे रॉबर्ट ग्रीनलीफ यांनी १९७० मध्ये हा विचार मांडला. आधी सेवा, मग पुढारपण, असं त्याचं सार. हाताखालची माणसं मोठी होतात का, हीच खरी कसोटी.

शाळेत ते कसं दिसतं?

शिक्षक रजेवर असेल तर मुख्याध्यापक स्वतः वर्ग घेतात. नवीन शिक्षकाचं चुकलं तर सगळ्यांसमोर न बोलता बाजूला घेऊन सांगतात. पालक भांडायला आले तर आधी शिक्षकाचं ऐकून घेतात. पोषण आहाराच्या तांदळाचा हिशोब, ऑनलाइन नोंदी हे ओझं सगळ्यांत वाटून घेतात, एकाच्याच गळ्यात मारत नाहीत.

पण सेवक म्हणजे मऊ माणूस नव्हे. रोज उशिरा येणाऱ्याला काहीच न बोलणं ही सेवा नाही. त्याचा भार वेळेवर येणाऱ्यांवर पडतो आणि नुकसान पोरांचं होतं. सगळी कामं एकट्याने ओढणंही बरं नाही. बदली झाली की शाळा कोलमडते.

अडचणही समजून घ्या

बऱ्याच लहान शाळांत मुख्याध्यापकाकडेच वर्गही असतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकांना अशैक्षणिक काम देता येत नाही. तरी कागदांचा ढीग कमी होत नाही, हे कुठल्याही गुरुजींना विचारा.

आपण काय करायचं?

शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. मुख्याध्यापक सचिव असतात. पुढच्या बैठकीत नुसती सही करून उठू नका. "सर, या महिन्यात शिक्षकांचे किती तास वर्गाबाहेर गेले? त्यातलं गाव काय उचलू शकतं?" एवढं विचारा. पाण्याची टाकी, कुंपण, कार्यक्रमाची तयारी ही कामं आपण करू शकतो. मुख्याध्यापकाने शिक्षकांचा भार हलका करावा आणि गावाने मुख्याध्यापकाचा. तेवढा वेळ आपल्याच पोरांना मिळेल.