शहराची बाग

मुंबईत भायखळ्याला राणीची बाग आहे. तिचे आजचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान; परंतु तेथे जाणारा माणूस अद्याप ‘राणीची बाग’ असेच म्हणतो. बहुतेक मुलांना ही बाग ठाऊक असते ती तेथील प्राण्यांमुळे आणि २०१६ साली समुद्रापलीकडून आलेल्या पेंग्विन पक्ष्यांमुळे. पिंजऱ्यांकडे धावता धावता वाटेतील झाडांकडे पाहावयास सवड कोणाला असते? वस्तुतः ही बाग मुळात वनस्पतींसाठीच वसविलेली आहे. प्राण्यांची भर मागाहून पडली.

शेती व बागायत यांच्या सुधारणेसाठी स्थापन झालेल्या एका मंडळाने ही बाग उभारली व १८६२ च्या नोव्हेंबर महिन्यात ती लोकांसाठी खुली झाली. पुढे १८७३ साली त्या मंडळाचा कारभार आटोपला आणि बाग मुंबईच्या नगरपालिकेकडे आली. आफ्रिकेतील गोरखचिंच, दक्षिण अमेरिकेतील कैलासपती, ब्रह्मदेशातील उर्वशी असे दूरदूरचे वृक्ष तेथे आपल्या वड-पिंपळांच्या शेजारी नांदत आहेत. गोरखचिंचेचा बुंधा एवढा जाड असतो, की चार मुलांनी हात धरून कवेत घेऊ म्हटले तरी हात अपुरे पडावेत. २००७ साली या बागेचा कायापालट करण्याचा एक मोठा आराखडा पुढे आला. त्यामुळे झाडांवर गदा येईल अशी भीती वाटून काही नागरिकांनी वर्षानुवर्षे चिकाटीने विरोध केला. वनस्पतींच्या अभ्यासक स्त्रिया त्यांत आघाडीवर होत्या. अखेर तो आराखडा तसाच्या तसा अमलात आला नाही. म्हणूनच तो गर्द हिरवा काळोख आज आपल्याला पाहावयास मिळतो.

शहरातील बागांची देखभाल महानगरपालिकेचे उद्यान खाते करते. हिरवळ कापणे, मेंदीची कुंपणे छाटणे, झाडांना आळी करणे, रोपवाटिकेत रोपे वाढविणे ही त्याची नित्याची कामे. मलबार टेकडीवरील फिरोजशहा मेहता उद्यान तर पाण्याच्या जलाशयाच्या छतावर वसविलेले आहे. छताला पेलेल तेवढ्याच मातीत तेथील माळ्यांना सारा संसार थाटावा लागतो! पण या खात्याचे काम एवढ्यावर संपत नाही. नागरिकांना, विशेषतः तुमच्यासारख्या मुलांना, त्या कामात सहभागी होण्याच्या वाटा आहेत. त्यांची माहिती मात्र फार थोड्यांना असते.

त्यांतील एक वाट राणीच्या बागेतच भरणाऱ्या वार्षिक प्रदर्शनाची. जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत तेथे झाडे, फुले, फळे व भाजीपाला यांचे प्रदर्शन मांडले जाते. हजारो फुले रचून केलेल्या आकृती पाहण्यास झुंबड उडते. मला स्वतःला त्या आकृतींपेक्षा कुंड्यांच्या रांगा अधिक आवडतात. कोणाच्या सज्जात वाढलेली वांगी, कोणाच्या गच्चीवरची लिंबे, तळहाताएवढ्या जागेत वाढविलेला वामनवृक्ष, हे सारे पाहिले की दोन खोल्यांच्या घरातही माणूस मातीशी नाते कसे राखतो ते कळते. प्रदर्शनाला जोडूनच उद्यानविद्येची कार्यशाळा घेतली जाते. कलम कसे बांधावे, पालापाचोळ्याचे खत कसे करावे, कुंडीच्या तळाशी खापरीचा तुकडा का ठेवावा, हे तेथे जाणत्या माणसाकडून शिकता येते. खापरी नसेल तर भोकातून माती वाहून जाते किंवा भोक बुजून पाणी साचते, आणि मुळे कुजतात. हे पुस्तकात वाचून जेवढे लक्षात राहते, त्याहून एक कुंडी स्वतः भरल्याने अधिक राहते.

दुसरी वाट कायद्याने दिलेली आहे. महाराष्ट्रात १९७५ साली नागरी भागांतील झाडांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यानुसार शहरातील झाड, मग ते आपल्या अंगणातले का असेना, परवानगीवाचून तोडता येत नाही. झाडांची गणना करावी असेही त्यात सांगितले आहे. २०१८ मध्ये पुऱ्या झालेल्या गणनेत मुंबईत सुमारे २९ लाख ७५ हजार झाडे मोजली गेली. २०२१ साली या कायद्यात सुधारणा होऊन पन्नास वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या वृक्षाला वारशाचे स्थान मिळाले. झाड तोडण्याविषयीची सूचना त्या झाडावरच लावावी लागते, आणि ती वाचून कोणाही नागरिकाला मुदतीत लेखी हरकत घेता येते.

मी मुख्याध्यापक असताना आमच्या शाळेच्या फाटकापाशी एक जुना पर्जन्यवृक्ष होता. एके सकाळी सातवीची दोन मुले धापा टाकीत माझ्याकडे आली. “सर, आपले झाड पाडणार आहेत! त्यावर कागद लावला आहे.” झाड धोकादायक आहे, असे त्या कागदावर लिहिले होते. मुलांनी तत्काळ हरकतीचा अर्ज लिहून आणला. त्यात ‘तीव्र निषेध’ हे शब्द पाच वेळा आले होते. कारण मात्र एकही नव्हते. मी तो परत केला व म्हटले, “आधी झाड नीट पाहून या.”

मुले दोन दिवस झाडाभोवती होती. त्यांनी दोरी गुंडाळून बुंध्याचा घेर मोजला. कावळ्यांची दोन घरटी टिपून ठेवली. बुंध्याला सिमेंटचा असा घट्ट वेढा पडला होता, की पाणी मुरावयास जागाच उरली नव्हती. सालीत जाहिरातींच्या पाट्यांचे अकरा खिळेही निघाले. हे सारे नव्या अर्जात आले. शेवटी ‘झाड संपूर्ण निरोगी आहे’ असे एक वाक्यही त्यांनी ठेवून दिले. मला ते खटकले होते. पण मीही ते खोडले नाही.

काही दिवसांनी उद्यान खात्याचे एक अधिकारी वृद्ध माळीकाकांना घेऊन आले. माळीकाकांनी लाकडी ठोकळ्याने बुंध्यावर ठोकले. आवाज भरीव आला. मग ते शिडीवर चढले व फाटकावर झुकलेल्या मोठ्या फांदीवर त्यांनी ठोकले. “ऐका रे मुलांनो,” ते म्हणाले. आवाज रिकाम्या डब्यासारखा होता. त्या फांदीच्या कोवळ्या डहाळ्यांवर पांढरी बुरशी धरल्यासारखे दिसत होते. ते पिठ्या ढेकूण होते. याच किडीने मुंबईतील पुष्कळ पर्जन्यवृक्ष वाळले आहेत. ज्या फांदीखालून रोज शेकडो मुले ये-जा करीत, ती आतून पोकळ झाली होती. अर्ज लिहिणारी मुले गप्प झाली. मीही गप्पच होतो.

पुढे निर्णय आला, की झाड ठेवावे. पोकळ फांदी मात्र काढावी. फांदी उतरली त्या दिवशी एका मुलाने घरून आणलेला डबा उघडलादेखील नाही. नंतर माळीकाकांनी सिमेंट फोडून बुंध्याभोवती ऐसपैस आळे केले. खिळे मुलांसमक्ष एकेक उपटले आणि मोजून त्यांच्या हाती दिले.

दोन वर्षांमागे मी त्या शाळेवरून गेलो. पर्जन्यवृक्षाची पाने सायंकाळी मिटतात आणि आभाळ भरून आले तरी मिटतात. मी पोहोचलो तेव्हा दिवस मावळतीला आला होता आणि फाटकावरची सारी पाने मिटू लागली होती. फांदी काढली होती तेथे सालीची गोल कड चढून जखम जवळजवळ भरून आली होती.