वेल्डची तपासणी आणि दाबटाक्यांची वाढीव क्षमता

औद्योगिक विकासाची चर्चा बहुधा नव्या गुंतवणुकीभोवती फिरते. अस्तित्वात असलेल्या भांडवली सामग्रीतून अधिक काम कसे घेता येईल, हा प्रश्न मात्र मागे पडतो. वायू साठविण्याच्या पोलादी दाबटाक्या हे याचे बोलके उदाहरण होय. टाकीच्या पत्र्यात कोणताही बदल न करता, केवळ तिच्या वेल्डची कसून तपासणी करून तिचा अनुज्ञेय दाब काही वेळा वाढविता येतो. हे कसे शक्य होते आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, हे अभियांत्रिकीइतकेच अर्थशास्त्राच्या दृष्टीनेही उद्बोधक आहे.

जोड कार्यक्षमता म्हणजे काय?

दाबटाकी पोलादी पत्रे वाकवून व ती एकमेकांना वेल्ड करून तयार होते. पत्र्याची ताकद कारखान्यातील चाचणीवरून ठाऊक असते. वेल्डच्या आत मात्र वायूची छिद्रे, अडकलेली मळी, धातू नीट न भरलेल्या जागा किंवा सूक्ष्म तडे असू शकतात आणि ते बाहेरून दिसत नाहीत. म्हणून टाकीचे संकल्पन करतानाच वेल्डच्या ताकदीत काही कपात गृहीत धरतात. या गुणकाला 'जोड कार्यक्षमता' म्हणतात.

अमेरिकन सोसायटी ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्स या संस्थेच्या दाबपात्र संहितेनुसार, दोन्ही बाजूंनी वेल्ड केलेल्या बट जोडासाठी हा गुणक रेडिओग्राफी न केल्यास ०.७०, नमुना रेडिओग्राफी केल्यास ०.८५ आणि संपूर्ण रेडिओग्राफी केल्यास १.०० धरला जातो. नमुना तपासणीत साधारणपणे दर १५ मीटर वेल्डमागे किमान १५० मिलिमीटर लांबीचे एक चित्र घेतात. म्हणजे वेल्डचा जेमतेम एक टक्का भाग प्रत्यक्ष पाहिला जातो. तरीही तेवढ्या माहितीच्या आधारे गुणक ०.७० वरून ०.८५ वर जातो. ०.७० या आकड्याचा अर्थ वेल्ड तीस टक्के कमकुवत आहे असा नव्हे. वेल्डविषयीच्या अज्ञानापोटी राखून ठेवलेली ती सुरक्षिततेची कपात आहे.

एक उदाहरण

समजा, एका दंडगोलाकार टाकीची आतील त्रिज्या १,००० मिलिमीटर, पत्र्याची जाडी १२ मिलिमीटर आणि पोलादाचा अनुज्ञेय ताण १३८ मेगापास्कल आहे. संहितेतील सूत्रानुसार तिच्या दंडगोल भागाचा अनुज्ञेय दाब गुणक ०.७० असताना सुमारे ११.५ बार, ०.८५ असताना १४ बार आणि १.०० असताना १६.४ बार येतो. पोलाद तेच, टाकी तीच. परंतु दाबाची मर्यादा जवळजवळ ४३ टक्क्यांनी वाढते. दंडगोलात परिघाच्या दिशेचा ताण लांबीच्या दिशेच्या ताणापेक्षा दुप्पट असतो. म्हणून टाकीच्या लांबीला समांतर जाणाऱ्या जोडांची तपासणी सर्वांत महत्त्वाची ठरते.

याच टाकीचा पत्रा गंजून १ मिलिमीटरने झिजला असेल, तर १६.४ ऐवजी सुमारे १५.१ बार एवढीच मर्यादा मिळेल. म्हणूनच वेल्डच्या तपासणीला पत्र्याच्या जाडीच्या मोजमापाची जोड द्यावी लागते.

तपासणीच्या पद्धती

वेल्डचे अंतरंग पाहण्यासाठी क्ष-किरण किंवा इरिडियम-१९२ या किरणोत्सारी स्रोतातील गॅमा किरण वापरतात. या स्रोताचे अर्धायुष्य सुमारे ७४ दिवसांचे असल्याने तो वेळोवेळी बदलावा लागतो. भारतात अशा स्रोतांच्या सुरक्षित वापरावर १९८३ मध्ये स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ देखरेख ठेवते. अल्ट्रासॉनिक तपासणीत ध्वनिलहरींच्या परावर्तनावरून दोषाची जागा व खोली कळते. पृष्ठभागावरील तडे चुंबकीय कणांच्या किंवा रंगद्रवाच्या साहाय्याने शोधले जातात.

न दिसणारा दोष किती घातक ठरतो, याचा धडा वेल्डच्या आधीच्या रिव्हेटच्या काळातच मिळाला होता. २० मार्च १९०५ रोजी अमेरिकेतील ब्रॉकटन येथील बूट कारखान्यात बॉयलरचा स्फोट होऊन ५८ जण मृत्युमुखी पडले. एकावर एक चढविलेल्या पत्र्यांच्या जोडात लपलेला तडा तपासनिसांना दिसणे शक्य नव्हते. अशा दुर्घटनांनंतर वरील संस्थेची बॉयलरविषयक पहिली संहिता आकाराला आली.

मर्यादा आणि नियमन

दाबमर्यादा वाढविणे म्हणजे केवळ गुणक बदलणे नव्हे. टाकीची दोन्ही टोके, नळजोड, मॅनहोल, आधार आणि सुरक्षा झडप यांपैकी जो घटक सर्वांत दुबळा असेल, तोच मर्यादा ठरवितो. म्हणून मूळ आराखडे व पोलादाची प्रमाणपत्रे तपासून सर्व घटकांचे गणित नव्याने करावे लागते. त्यानंतर जलदाब चाचणी घेतली जाते. पाणी फारसे दाबले जात नसल्याने त्यात ऊर्जा कमी साठते आणि चाचणीत टाकी फुटली तरी हानी मर्यादित राहते.

वाढीव दाबाचा लाभही सर्वत्र सारखा नसतो. हवा किंवा नायट्रोजन यांसारखे वायू जास्त दाबाखाली जवळपास त्याच प्रमाणात जास्त साठविता येतात. स्वयंपाकाचा गॅस मात्र द्रवरूपात साठवितात. त्याचा दाब तापमानावर व मिश्रणावर अवलंबून असल्याने मर्यादा वाढविली तरी साठा वाढत नाही.

भारतात संपीडित व द्रवरूप वायूंच्या अशा टाक्यांना १८८४ च्या स्फोटके अधिनियमाखालील स्थिर व फिरती दाबपात्रे नियम, २०१६ लागू आहेत. १९८१ च्या नियमांची जागा त्यांनी घेतली. अंमलबजावणी करणाऱ्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपूर येथे आहे. नियमांच्या कक्षेतील टाकीत असा बदल मालकाला स्वतःच्या मर्जीने करता येत नाही. त्यासाठी पूर्वपरवानगी लागते.

तपासणीचे अर्थशास्त्र

नवी टाकी म्हणजे नवे पोलाद, नवी जागा, तिच्याभोवती मोकळे ठेवावयाचे सुरक्षा अंतर आणि नवा परवाना. तपासणीचा खर्च त्या मानाने कमी असला, तरी टाकी काही काळ बंद ठेवावी लागते, हाही एक खर्चच होय. येथे गुंतवणूक होते ती माहितीत, आणि या माहितीतून क्षमता निर्माण होते.

परंतु माहिती मालकाच्या सोयीचीच निघेल असे नाही. चित्रात तडा आढळला, तर दाब वाढविण्याऐवजी कमी करण्याची किंवा टाकी बंद ठेवण्याची वेळ येते. दाब वाढल्याचा लाभ मालकाला मिळतो. स्फोटाची झळ मात्र कामगारांना व शेजारच्या वस्तीला बसते. अर्थशास्त्रात यालाच बाह्य परिव्यय म्हणतात. म्हणून तपासनीस मालकाच्या दबावापासून मुक्त असणे आणि प्रतिकूल निष्कर्षही स्वीकारण्याची तयारी तपासणीपूर्वीच असणे आवश्यक ठरते. या दोन अटी पाळल्या गेल्या, तरच नेमप्लेटवरील वाढीव आकड्यावर विश्वास ठेवता येईल.