'ज्युलिअस सीझर'ची कोणती प्रत घ्यावी?

आपल्या वस्त्यांतील मुले-मुली आता बी.ए.ला इंग्रजी विषय घेऊ लागली आहेत. विहारातल्या वाचनालयासाठीही चांगली पुस्तके घ्यावीत, अशी मागणी तरुण करतात. शेक्सपिअरचे 'ज्युलिअस सीझर' हे नाटक अशा वेळी कधी ना कधी समोर येतेच. दुकानात गेले की गोंधळ उडतो. एकाच नाटकाच्या चार-पाच प्रती. एक पातळ, एक जाडजूड. एक स्वस्त, एक खिशाला न परवडणारी. कष्टकऱ्याच्या घरात पुस्तकाचा पैसा दुसऱ्या कुठल्या तरी गरजेतून काढावा लागतो. म्हणून तो कशासाठी द्यायचा, हे आधी समजून घेतले पाहिजे.

सर्व प्रतींतले मूळ नाटक एकच आहे. २१ सप्टेंबर १५९९ रोजी लंडनमध्ये सीझरवरील नाटक पाहिल्याची नोंद थॉमस प्लाटर या स्विस प्रवाशाने केली आहे. ते हेच नाटक, असे अभ्यासक मानतात. ते छापले गेले मात्र १६२३ साली, शेक्सपिअरच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी. 'हॅम्लेट'च्या तीन वेगवेगळ्या जुन्या छापील प्रती आहेत, तसे इथे नाही. १६२३ च्या 'फोलिओ' या मोठ्या ग्रंथातील छपाई हाच सर्वांचा आधार. या नाटकावर आज कोणाचाही हक्क उरलेला नाही. म्हणजे आपण पैसे मोजतो ते टीपांसाठी, शब्दार्थांसाठी आणि प्रस्तावनेसाठी.

तरीही संपादकाचे काम लहान नाही. एक उदाहरण पाहा. खुनाच्या आदल्या रात्री ब्रूटस आपल्या पोराला उद्याची तारीख विचारतो. १६२३ च्या छपाईत तिथे 'एक मार्च' आहे. पण खून तर १५ मार्चला, रोमन भाषेत 'आइड्स'ला झाला. अठराव्या शतकात थिओबाल्ड या संपादकाने ही चूक दुरुस्त केली. चांगली प्रत अशी दुरुस्ती पानावर नोंदवते, हलकी प्रत मुकाट्याने पुढे जाते.

प्रत विकत घेण्यापूर्वी तीन ठिकाणी उघडून पाहावी.

पहिले ठिकाण म्हणजे पहिला अंक, पहिला प्रवेश. तिथे राजा नाही, सेनापती नाही. तिथे एक सुतार आहे आणि एक जोडे दुरुस्त करणारा आहे. कामाच्या दिवशी धंद्याची खूण न बाळगता रस्त्यावर का फिरता, म्हणून दोन अधिकारी त्यांना दरडावतात. ही रोमची गोष्ट आहे, तिथे आपल्याकडची जात नव्हती. पण धंद्याची खूण अंगावर घेऊनच माणसाने रस्त्यावर यावे, ही मागणी काय असते ते आपल्या वाडवडिलांना कुणी शिकवावे लागले नाही. तो जोडेवाला मात्र घाबरत नाही. इंग्रजीत 'सोल' या उच्चाराचे दोन अर्थ होतात, जोड्याचा तळ आणि आत्मा. त्यावर कोटी करून तो साहेबांना हैराण करतो. लोकांना गावभर का फिरवतोस, असे विचारल्यावर म्हणतो की त्यांचे जोडे झिजले तर मला काम मिळेल! या कोट्या टीपेत उलगडल्या नसतील, तर आपल्या मुलाला तो माणूस नुसता बडबड्या वाटेल. ती प्रत परत ठेवावी.

दुसरे ठिकाण म्हणजे तिसऱ्या अंकाचा तिसरा प्रवेश. अँटनीच्या भाषणाने पेटलेला जमाव सिन्ना नावाच्या कवीला पकडतो. सीझरच्या मारेकऱ्यांतही एक सिन्ना असतो. मी तो नव्हे, मी कवी, असे हा सांगतो. तरी जमाव त्याला सोडत नाही. हा छोटा प्रवेश रंगभूमीवर अनेकदा गाळला जात असे. १९३७ साली न्यूयॉर्कमध्ये ऑर्सन वेल्सने सीझरच्या लोकांना फॅसिस्टांसारखे गणवेश चढवून हे नाटक केले, तेव्हा याच प्रवेशाने प्रेक्षक हादरले. नुसत्या नावावरून माणूस ठरवणारा जमाव आपल्याला अनोळखी नाही.

तिसरे ठिकाण चौथ्या अंकाच्या आरंभी. भर सभेत अँटनी सीझरचे मृत्युपत्र वाचतो. प्रत्येक नागरिकाला पंचाहत्तर द्राख्मा मिळणार, हे ऐकून लोक त्याच्या बाजूने उठतात. पुढच्याच अंकात अँटनी दोन साथीदारांबरोबर बसून कुणाकुणाला मारायचे त्याची यादी करतो, आणि तेच मृत्युपत्र मागवतो. कशासाठी? त्यातली देणी कशी कमी करता येतील ते पाहण्यासाठी! भाषण सर्वांच्या लक्षात राहते, ही ओळ राहत नाही. संक्षिप्त पुस्तकात आणि गाईडात ती गळण्याचीच भीती जास्त. निवडणुकीतली आश्वासने ऐकणाऱ्या प्रत्येक मतदाराने हा प्रवेश वाचावा.

आता कोणी कोणती प्रत घ्यावी? शाळकरी मुलांसाठी रोमा गिल यांनी संपादित केलेली ऑक्सफर्ड स्कूल शेक्सपिअर मालिकेतील प्रत सोपी आहे. घरात स्वतःच्या बळावर वाचणाऱ्यांना फोल्जर प्रत सोयीची, कारण तिच्यात एका पानावर नाटक आणि समोरच्या पानावर शब्दार्थ असतात. सारखे मागे उलटावे लागत नाही. एम.ए. करणाऱ्यांनी डेव्हिड डॅनियल यांची १९९८ ची आर्डन प्रत किंवा मार्व्हिन स्पेव्हॅक यांची केंब्रिज प्रत पाहावी. ही महाग पुस्तके प्रत्येकाने विकत घेण्याची गरज नाही. वाचनालयात एक आर्डन आणि दोन-तीन फोल्जर असली तरी पुष्कळ झाले. जुन्या बाजारात व्हेरिटी यांची टीपांची प्रत मिळाली तर जरूर घ्यावी. तिची भाषा जुनी आहे, पण शब्दार्थ भरपूर आहेत. समोरासमोर आजच्या सोप्या इंग्रजीत रूपांतर देणारी पुस्तके पहिल्या वाचनाला उपयोगी पडतात. मात्र त्यांच्यावरच थांबू नये. केवळ गाईड वाचून नाटक वाचले असे तर मुळीच समजू नये.

पुस्तकाची किंमत बांधणीवर ठरत नाही, हे रॉबेन बेटावरच्या कैद्यांनी दाखवून दिले. दक्षिण आफ्रिकेच्या त्या तुरुंगात सनी वेंकटरत्नम या कैद्याजवळ शेक्सपिअरच्या समग्र नाटकांचा एक खंड होता. पहारेकऱ्यांनी तो काढून घेऊ नये म्हणून त्यांनी त्याला दिवाळीची भेटकार्डे चिकटवली आणि हा आपला धर्मग्रंथ आहे असे सांगितले. तीसहून अधिक कैद्यांनी आपल्या आवडीच्या ओळींशेजारी सह्या केल्या. नेल्सन मंडेला यांनी १६ डिसेंबर १९७७ रोजी सही केली ती 'ज्युलिअस सीझर'मधल्या, मरणाला न भिण्याविषयीच्या ओळींशेजारी. टांझानियाचे नेते ज्युलिअस न्येरेरे यांनी तर हे नाटक आपल्या लोकांच्या स्वाहिली भाषेत आणले. ते १९६३ साली प्रसिद्ध झाले. गोऱ्यांच्या राज्यात दडपलेल्या माणसांनी गोऱ्यांच्याच कवीला असे कामाला लावले.

आपल्याला तर हे नाटक वाचायला आणखी एक कारण आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावले होते की राजकारणातली भक्ती अधःपाताकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते. कितीही थोर पुरुष असो, त्याच्या चरणी आपले स्वातंत्र्य वाहू नये. सीझरसाठी सुट्टी करणारा, ब्रूटसचे ऐकून त्यालाच सीझर करू पाहणारा आणि घटकाभरात अँटनीच्या मागे धावणारा रोमचा जमाव म्हणजे त्या इशाऱ्याचे जिवंत चित्र आहे.

म्हणून प्रत कोणतीही घ्या, पण ती कपाटात ठेवू नका. रविवारी विहारात मुलांना पात्रे वाटून द्या. ब्रूटस आणि अँटनी यांची भाषणे मोठ्याने वाचायला लावा, बाकीच्यांना जमाव करा. मग प्रत्येकाला विचारा, "तू कुठल्या वाक्याला फसलास?" ज्या मुलाला याचे उत्तर देता येईल, त्याला उद्या कोणत्याही व्यासपीठावरून सहजासहजी फसवता येणार नाही.