पनिस्सा: नाव राळ्याचे, भात तांदळाचा

कोरेगाव तालुक्यात खरिपाला होणारा घेवडा दाण्यावरच्या वाघासारख्या पट्ट्यांमुळे ‘वाघ्या’ म्हणून ओळखला जातो, आणि २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट भूप्रदेशाशी बांधलेल्या गुणांची कायदेशीर नोंद, मिळाले. त्याच जातीचा, तसाच चित्रविचित्र दाण्याचा घेवडा उत्तर इटलीत पो नदीच्या खोऱ्यातील सालुज्जा या गावाच्या नावाने प्रसिद्ध असून, व्हेर्चेल्ली परिसरात तो तांदूळ, कांदा, तांबडी वाइन आणि मातीच्या भांड्यात चरबीखाली मुरवलेले सॉसेज यांसह शिजवून ‘पनिस्सा’ नावाचा भात केला जातो.

‘रिसोत्तो’ या इटालियन भाताचे नाव ‘रीझो’, म्हणजे तांदूळ, या शब्दापासून सरळ तयार झाले आहे. ‘पनिस्सा’ या नावात मात्र तांदूळ कोठेच नाही. प्रचलित व्युत्पत्तीनुसार त्याचे मूळ ‘पानिकुम’ या लॅटिन शब्दात आहे आणि त्याचा अर्थ होतो राळे, म्हणजे आपल्याकडे आता क्वचितच पेरले जाणारे ते बारीक, पिवळसर भरडधान्य. लिन्नीअस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५३ साली राळ्याला दिलेले नावही ‘पानिकुम इतालिकुम’ असेच होते. ‘पनिस्सा’ हे मुळात गरिबांचे पोट भरणाऱ्या राळ्याच्या दाट घाट्याचे नाव असावे, असे मानण्यास इतिहासही अनुकूल आहे. कारण पो खोऱ्यात भातशेती रुजली ती पंधराव्या शतकात (मिलानच्या ड्यूकने फेर्राराच्या ड्यूकला भाताचे बियाणे देऊ केल्याचे पत्र १४७५ सालचे आहे), आणि घेवडा तर १४९२ नंतर अमेरिकेतून आला. म्हणजे आज ज्या दोन जिनसांवाचून पनिस्सा होत नाही, त्या दोन्ही नावापेक्षा नव्या ठरतात. इटलीतल्याच लिगुरियाच्या किनाऱ्यावर तर याच नावाने हरभऱ्याचे पीठ शिजवून, थापून, पाटवडीसारख्या वड्या पाडतात. त्यावरून हे नाव हळूहळू धान्यापासून सुटून दाट शिजवण्याच्या रीतीला चिकटले, असे म्हणता येते.

मराठी स्वयंपाकघराला ही वाट अनोळखी नाही. ‘खिचडी’ या शब्दामागील संस्कृत ‘खिच्चा’ म्हणजे तांदूळ आणि डाळ एकत्र शिजवलेला पदार्थ. परंतु एकादशीला जी खिचडी ताटात पडते तिच्यात तांदूळही नसतो आणि डाळही नसते, असतो तो अमेरिकेतून आलेल्या कसावा या कंदाचा साबुदाणा, आणि जोडीला तिकडचाच शेंगदाणा.