रयतमाउली कै. लक्ष्मीबाई पाटील

आमच्या मासिकाच्या पानांतून बी-बियाणे, खते, ऊस, गूळ व पतपुरवठा यांचीच चर्चा बहुधा होत असते, व ते योग्यही आहे. परंतु शेतकऱ्याच्या घरातील भांडवल केवळ जमीन, बैल व विहीर एवढेच नसते. त्या भांडवलाचा एक भाग घरातील स्त्रीच्या अंगावर असतो, आणि त्याचा हिशेब कोणत्याही खातेवहीत लिहिला जात नाही. ज्या बाईने हे भांडवल दुसऱ्यांच्या मुलांच्या भाकरीस लाविले, तिच्याविषयी चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे.

हातकणंगले तालुक्यातील कुंभोज हे गाव आपल्या वाचकांस ठाऊकच असेल. बाहुबलीच्या डोंगराच्या सावलीतील हे गाव कर्मवीर भाऊराव पाटील यांचे आजोळ. 22 सप्टेंबर 1887 रोजी त्यांचा जन्म तेथेच झाला. त्यांचे मूळ घर वारणेपलीकडील ऐतवडे बुद्रुक येथील. लक्ष्मीबाईंचे माहेरही कुंभोजचेच. पाटलांचे घर, खाऊनपिऊन सुखी. मुलीच्या अंगावर भरपूर सोने घालून तिला सासरी पाठविणारे. जैन शेतकऱ्यांच्या घरांतील आचार किती कडक असत, हे दक्षिण महाराष्ट्रातील वाचकांस सांगावयास नको. सोवळेओवळे, सूर्यास्तापूर्वीचे जेवण, स्वयंपाकघराची मर्यादा, या सर्वांत त्या लहानाच्या मोठ्या झाल्या.

संसार मात्र पदरी पडला तो स्वस्थतेचा नव्हे. 1914 साली कोल्हापुरात पुतळ्यास डांबर फासल्याचे प्रकरण उपस्थित झाले व त्यात भाऊरावांस कैद भोगावी लागली. पुढे किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरांच्या विक्रीसाठी ते खेडोपाडी हिंडू लागले. आपल्यापैकी कित्येकांच्या आज्यापणज्यांनी लाकडी नांगर टाकून हा नांगर ज्या काळी धरिला, तो हाच काळ. या भटकंतीत शेतकऱ्याच्या अज्ञानाचे जे दर्शन भाऊरावांस घडले, त्यातून 4 ऑक्टोबर 1919 रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्था निघाली. 1924 साली तिचे ठाणे साताऱ्यास आले व तेथे वसतिगृह सुरू झाले. सर्व जातींची मुले एकत्र राहणार, एका पंक्तीस जेवणार, ही त्या वसतिगृहाची पहिली अट. 25 फेब्रुवारी 1927 रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्यास श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नाव मिळाले.

कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी 1901 पासून जातवार वसतिगृहांस आश्रय दिला होता, व स्वतः भाऊराव त्यांतील जैन बोर्डिंगमध्ये राहिले होते. साताऱ्याचा प्रयोग त्याच्या पुढचा. तो भाषणांत सोपा वाटतो. चुलीपाशी तो तसा नव्हता. अस्पृश्य मानिलेल्या घरचे पोर, मराठ्याचे पोर, मुसलमानाचे पोर आणि जैनाचे पोर एका ताटाच्या रांगेत बसवावयाचे, म्हणजे लहानपणापासून पाळलेले सोवळे घरच्या बाईनेच मोडावयाचे. पुरुषाने सुधारणा बोलावी व बाईने ती राबवावी, असा आपल्याकडील शिरस्ता आहे. लक्ष्मीबाईंनी ती राबविली. त्या मुलांचे आजारपण, न्हाऊमाखू, उष्टेखरकटे, सारे त्यांनी आपल्या घरचे मानिले. पोटचा मुलगा आप्पासाहेब व बोर्डिंगातील पोर यांच्या ताटांत त्यांनी अंतर केले नाही.

येथे शेतकऱ्याच्या पद्धतीने थोडा हिशेब करून पाहू. वाढत्या वयाच्या मुलास दिवसास अर्धा किलो तरी पीठ लागते. तीस मुले धरली तर दिवसास पंधरा किलो, महिन्यास साडेचार क्विंटल. मणाचे माप गावोगाव निराळे म्हणून बंगाली मणाने सांगावयाचे तर सुमारे बारा मण. ही नुसती भाकरी झाली. कोरड्यास, मीठमिरची, सरपण निराळे. ज्याच्या शेतात ज्वारी पिकते त्यासही हा खर्च जड जाईल. येथे तर पिकणारे शेत नव्हते. देणग्यांवर व मुलांच्या श्रमांवर सारे चालले होते, आणि देणगी ही पावसासारखीच बेभरवशाची.

तेव्हा सोने निघाले. प्रथम पाटल्या, मग इतर दागिने, असे ते एकेक करून मोडले अथवा गहाण पडले. आपणां शेतकऱ्यांस सोने म्हणजे काय हे निराळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. ती हौस नव्हे. पाऊस हुकला, बैल मेला, सावकार दारी बसला, म्हणजे शेवटी ज्याकडे हात जातो ते सोने होय; आणि तेही स्वतःच्या शेतासाठी, स्वतःच्या लेकरांसाठी. दुसऱ्याच्या लेकरांसाठी ते मोडल्याची उदाहरणे किती सापडतील? भाऊराव वर्गणीसाठी बाहेरगावी गेलेले असता एके दिवशी बोर्डिंगातील धान्य संपले. मुले उपाशी राहणार असे दिसताच लक्ष्मीबाईंनी गळ्यातील मंगळसूत्र काढून दिले व त्यावर धान्य आणविले. पती हयात असता मंगळसूत्र उतरविणे त्या काळच्या बाईस काय वाटले असेल, याची कल्पना वाचकांनी आपल्या आईस स्मरून करावी.

स्पष्ट लिहावयाचे तर, कर्मवीरांच्या थोरवीचे पोवाडे गाताना या खर्चाचा उल्लेख आपण एका वाक्यात उरकतो. मंगळसूत्राची कथा सभेत सांगावी, टाळ्या घ्याव्या, व पुढे जावे. संस्थेस देणगी देणाऱ्यांची नावे दगडावर कोरली जातात. ती द्यावयास पाहिजेतच. पण ज्या रकमेवर पहिली काही वर्षे मुलांच्या पोटात अन्न पडले, त्या रकमेची पावती कोणीही फाडली नव्हती.

30 मार्च 1930 रोजी लक्ष्मीबाई गेल्या. तेव्हा त्यांची पस्तिशी नुकतीच उलटली होती. तो फाल्गुनातील अमावास्येचा दिवस; दुसऱ्या दिवशी पाडवा होता. गावोगाव गुढीसाठी वेळूच्या काठ्या धुऊन ठेविल्या जात होत्या. बोर्डिंगास नाव देणारे गांधीजी त्या दिवसांत दांडीच्या वाटेवर होते.

त्यांनी पाहिले ते एवढेच : एक बोर्डिंग, उधारीचे धान्य आणि काही भुकेली पोरे. शिक्षक तयार करणारे सिल्व्हर ज्युबिली विद्यालय 1935 साली निघाले, साताऱ्याचे महाराजा सयाजीराव हायस्कूल 1940 साली, व छत्रपती शिवाजी कॉलेज 1947 साली. यांपैकी एकही त्यांच्या दृष्टीस पडले नाही. भाऊराव त्यांच्यामागे एकोणतीस वर्षे जगले. 9 मे 1959 रोजी ते निवर्तले. आज संस्थेच्या शाखा सातशेंच्या वर आहेत, आणि सोलापुरातील तिच्या महिला महाविद्यालयास लक्ष्मीबाई भाऊराव पाटील यांचे नाव आहे.