पेटीच्या तळाचा पेपर

परंड्याच्या किल्ल्यात तुम्ही कधी ना कधी सेल्फी काढलाच असेल. इथली मलिक-ए-मैदान तोफ १६३२ च्या सुमारास विजापूरला गेली, हेही कुणीतरी सहलीत सांगितलं असेल. आता जरा घरातलं विचारतो. १९७२ च्या दुष्काळात तुमचे आजोबा कुठल्या कामावर खडी फोडत होते? पणजीचं माहेर कुठलं? तिचं लग्नाआधीचं नाव काय?

बघा, तोफेचा पत्ता पाठ आहे आणि पणजीचा नाही. हसू नका, माझंही तेच होतं.

२०२३ च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात घरोघरी जुने कागद शोधायची लाट आली, आठवतंय ना? खासरा पत्रकं, निजामकाळची उर्दू कागदपत्रं, मोडीतल्या नोंदी. मोडी वाचणाऱ्या म्हाताऱ्यांना अचानक भाव आला. त्या धांदलीत मी आजीची पत्र्याची पेटी उपसली. हवा होता तो कागद मिळाला नाही. पण तळाला, लुगड्यांना गंज लागू नये म्हणून, सोलापूरचा एक जुना पेपर अंथरलेला होता. कडा बिस्किटासारख्या तुटत होत्या. त्यात बार्शीच्या आडतीतले ज्वारीचे भाव होते, तंबूतल्या सिनेमाची जाहिरात होती, आणि एका कोपऱ्यात जमिनीची जाहीर नोटीस. नोटिशीत चतुःसीमा दिली होती. पूर्वेस अमक्याची जमीन, दक्षिणेस ओढा, पश्चिमेस तमक्याची. त्यातला एक ‘तमका’ आमच्या भावकीतला निघाला!

तेव्हापासून मला हा नाद लागला. तुम्हालाही लावायचाय, म्हणून लिहितोय.

पहिली गोष्ट म्हणजे पहिलं पान सोडून द्या. तिथं नेहरू असतील, नाहीतर यशवंतराव. आपली माणसं आत असतात, बारीक टायपात. वकिलांच्या नोटिसा, नाव बदलल्याच्या जाहिराती, सोसायटीच्या निवडणुका, कुस्त्यांचे निकाल, सोनारीच्या यात्रेची बातमी, बैल हरवल्याची जाहिरात. धरणाखाली जमीन गेलेल्या घरांसाठी तर पेपर म्हणजे सोनंच. जुन्या भूसंपादन कायद्यात १९८४ साली दुरुस्ती झाली, त्यानंतर संपादनाची अधिसूचना त्या भागात खपणाऱ्या दोन दैनिकांत छापणं सक्तीचं झालं, त्यातलं निदान एक स्थानिक भाषेतलं. सीना-कोळेगावच्या पाण्याखाली तुमचं शिवार गेलं असेल, तर गट नंबर आणि क्षेत्र कुठल्यातरी पिवळ्या पानावर छापलेलं असणार. मावेजाच्या भांडणात म्हातारे आकडे विसरतात, पेपर विसरत नाही.

‘दुःखद निधन’ची चौकट मात्र वाचताना राग येतो. मुलांची नावं हुद्द्यासकट, आणि ‘तीन मुली’. नुसता आकडा! माझ्या सख्ख्या आत्याचा उल्लेख असा आकड्यात झालाय. त्यामुळे बायकांचा माग काढायचा तर पेपर एका हातात धरा आणि दुसरा हात घरातल्या म्हाताऱ्यांच्या पायाशी. मृताचे जावई कोण, ते कुठल्या गावचे, हे विचारत गेलात तर माहेरच्या गावापर्यंत पोचता.

आता तारखेचं. हजार अंकांच्या गठ्ठ्यातून आपला अंक काढायचा कसा? आजी तारीख सांगत नाही. ती म्हणते, ‘गांधीबाबाला मारलं त्याच्या आदल्या सुगीला’, ‘मिलो ज्वारी खाल्ली त्या साली’, ‘किल्लारीच्या भूकंपाच्या पुढच्या पौर्णिमेला’. या सगळ्या तारखाच आहेत. गांधीजींची हत्या ३० जानेवारी १९४८, भूकंप ३० सप्टेंबर १९९३. मिलो आणि सुकडी म्हणजे बहात्तरचा दुष्काळ. जुन्या पेपरवर शके असेल तर त्यात ७८ मिळवा. निजामकाळच्या कागदावर फसली सन असेल तर साधारण ५९०. फसली १३५७ म्हणजे १९४७-४८. एवढं गणित जमलं की वर्षाचा गठ्ठा महिन्यावर येतो.

गावाचं स्पेलिंगही एकच धरून बसू नका. इंग्रजांच्या गॅझेटियरमध्ये आपलं गाव ‘परेंडा’ आहे, बोलताना कुणी परांडा म्हणतं, कुणी परंडा. जिल्ह्याचं नाव तर आधी नळदुर्ग, मग उस्मानाबाद, आता धाराशिव. फोनवर एकाच नावानं सर्च मारून ‘काहीच नाही’ म्हणणारे मित्र मी पाहिलेत.

पेपर नक्की कुठले बघायचे? इथं परंड्याची जरा गंमत आहे. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात, आणि एसटीनं तासाभरावर असलेली बार्शी इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. बाजार बार्शीचा, वकील बार्शीचा, बार्शी लाइट रेल्वेही तिकडचीच. त्यामुळे आपल्या गावांच्या बातम्या दोन्हीकडे विखुरल्या आहेत. हैदराबादकडून ‘निजाम विजय’, नंतर आ. कृ. वाघमारे यांचा ‘मराठवाडा’. या दुसऱ्या पेपरावर निजाम सरकारनं इतक्यांदा बंदी घातली की तो वेगवेगळ्या नावांनी निघत राहिला. म्हणजे फाइल मागताना एकच नाव सांगून भागत नाही. तिकडून सोलापूरचे पेपर आणि पुण्याचा ‘केसरी’. इंग्रज सरकार देशी पेपरांत काय छापून येतं याचे इंग्रजी गोषवारे काढायचं. ज्या पेपरांचे मूळ अंक मिळत नाहीत, त्यांचा निदान थोडा मजकूर त्या हेरगिरीमुळे उरलाय!

दलित वस्तीचा इतिहास शोधत असाल तर या पेपरांवर थांबू नका. २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ ला आपल्याच जिल्ह्यातल्या कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदार परिषद झाली, बाबासाहेब आले होते. ‘आमचे पणजोबा चालत गेले होते’ असं तुमच्या घरात सांगत असतील, तर आधी त्या काळातल्या ‘जनता’च्या फायली गाठा. त्याआधीचे ‘मूकनायक’ आणि ‘बहिष्कृत भारत’ राज्य शासनानं पुस्तकरूपानं पुन्हा छापलेत, चांगल्या कॉलेजच्या लायब्ररीत मिळतील. ज्या पेपरांचे मालक, संपादक आणि वाचक एकाच आळीतले, त्यांना पलीकडची वस्ती क्वचितच दिसायची.

फायली कुठं असतात? सोलापूरचं हिराचंद नेमचंद वाचनालय, मुंबईत दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, पुराभिलेख खात्याची दफ्तरं. कायद्यानं १९५६ पासून प्रत्येक वर्तमानपत्राचा अंक मुंबईच्या सेंट्रल लायब्ररीसह देशातल्या चार मोठ्या ग्रंथालयांना पाठवायचा असतो. तालुक्याच्या साप्ताहिकांनी तो किती इमानानं पाठवला, हे त्या संपादकांनाच विचारा. आणि खरंच विचारा! कारण तालुक्याच्या साप्ताहिकाची फाइल बहुतेकदा एकाच जागी असते, संपादकाच्या माळ्यावर. ते गेले की मुलं माळा साफ करतात. मी अशा एका घरी पोचलो तेव्हा चार दिवस उशीर झाला होता. रद्दीचा भाव मिळाला, असं मुलानं सांगितलं. त्याला बोल तरी कसा लावणार? आमच्या घरीही तेच झालं असतं.

ऑस्ट्रेलियात ‘ट्रोव्ह’ नावाची सरकारी साइट आहे. तिथं जुने पेपर फुकट वाचता येतात, आणि मशीननं चुकीचं वाचलेलं वाचकच दुरुस्त करतात. आपल्याकडे जुन्या खिळ्यांची, तुटक्या काना-मात्रांची मराठी वाचताना मशीन अजून अडखळतं. तोवर तुमचा फोनच कामाला लावा. फोटो काढताना आधी पेपराचं नाव आणि तारीख दिसेल असं मथळ्याचं पान घ्या, मग बातमी. तारखेशिवायचं कात्रण म्हणजे पत्त्याशिवायचं पाकीट. थुंकी लावून पान उलटू नका, सेलोटेप तर अजिबात नको, लॅमिनेशनही नको. आणि ग्रंथपालांशी गोड बोला, चहा पाजा.

आता जे सांगायचं होतं ते.

आमच्या घरातली मुख्य गोष्ट रझाकाराच्या सालची. आजी तेव्हा तेराएक वर्षांची, नवी नवरी. गाव सोडून बैलगाडीनं सगळे बार्शीकडं गेले, सरहद्दीपलीकडं राहिले, पोलीस ॲक्शननंतर दिवाळीच्या सुमाराला परत आले. हे पेपरात सापडावं म्हणून मी वाचनालयात सलग बरेच दिवस बसलो. आजोबांचं नाव कुठं नाही. सरहद्द ओलांडून येणाऱ्या माणसांच्या बातम्या आहेत, रझाकारांच्या जुलमाच्या आहेत, कॅम्पांच्या आहेत, त्यात नावं पुढाऱ्यांची. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ चे अंक तर उत्साहानं फुटलेले. वाचताना माझ्याही अंगावर काटा आला, खोटं का बोलू.

घरी येऊन आजीला सांगितलं. ती ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘परत आलो तवा शेजारचं घर उघडंच हुतं. चुलीवर तवा तसाच. माणसं न्हवती.’

शेजारचं घर मुसलमानाचं होतं. हे तिनं पंच्याहत्तर वर्षांत कधी सांगितलं नव्हतं, कारण आम्ही कधी विचारलं नव्हतं. आम्ही फक्त बैलगाडीची गोष्ट मागायचो.

पुन्हा फायलींकडे गेलो. मी चाळलेल्या अंकांत ऑक्टोबरमध्ये सत्कार होते, मिरवणुका होत्या, नव्या अधिकाऱ्यांच्या नेमणुका होत्या. त्या घराबद्दल काही नव्हतं. केंद्र सरकारनं तेव्हा पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे सर्वाधिक झळ बसलेले जिल्हे म्हणून नोंदवलेत. पोलीस ॲक्शनच्या वेळी आणि नंतर संस्थानात किमान २७ ते ४० हजार माणसं मारली गेली असा तिचा अंदाज. हा अहवाल सगळ्यांना वाचायला मिळाला तो थेट २०१३ मध्ये. आणि उलट बाजूही त्याच फायलींत आहे. रझाकारांविरुद्ध उर्दूत लिहिणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबउल्ला खान, त्यांना ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत मारलं गेलं. म्हणजे ‘ते’ आणि ‘आपण’ अशी सरळ रेघ मारायला गेलं की पेपरच हात धरतो.

रझाकारांनी आमच्या माणसांना पळवलं हे खरं. ते घर रिकामं झालं हेही खरं. पेपरात एकच खरं छापलंय. दुसरं आजीच्या तोंडात आहे आणि आजी आता अठ्ठ्याऐंशी पार.

गेल्या महिन्यात पुन्हा तिच्याजवळ बसलो, फोनचं रेकॉर्डिंग लावून. त्या घरात किती माणसं होती? पाच. काय करायचे? कापूस पिंजायचे, गाद्या भरायचे. त्या बाईनं तिला गोधडीला टाके घालायला शिकवले होते. सासूच्या नजरेआड दुपारी ती तिकडं जायची. ते गेले कुठं? कुणी म्हणालं हैदराबादला, कुणी काही. जिवंत गेले का? आजी गप्प बसली.

तिचं नाव काय होतं, मी विचारलं.

आजीनं बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

‘मी खाला म्हणायची,’ ती म्हणाली. ‘नाव कवा इचारलंच नाही.’